घाट, चिखल आणि झिजलेली चेन : वाचकांचे सायकल-प्रश्न

पाऊस ओसरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जूनमध्ये 'कुठली सायकल घेऊ?' विचारणारे आता 'हा आवाज कसला?' विचारतात. कासच्या फुलांच्या दिवसांत यवतेश्वरचा घाट चढून-उतरून आलेल्या सायकली सध्या घरोघरी कुरकुरत असणार. सातारा आणि आसपासच्या पत्रांमधली काही इथे घेतली आहेत. चेनबद्दल बरीच पत्रं होती, ती एकातच उरकली आहेत.

प्रश्न (शाहूपुरी, सातारा): माझ्या हायब्रीड सायकलला मागे ९ गिअर आहेत. दोन पावसाळे झाले, दर रविवारी कासपर्यंत जातो. आता चढावर उभं राहून पायडल मारलं की चेन 'कडाक्' करून घसरते. दुकानदार म्हणतो, चेन, मागची कॅसेट (गिअरच्या चक्रांचा संच) आणि पुढची चक्रं, सगळंच बदला. नुसती चेन बदलून भागणार नाही का? की हा मला कापतोय?

उत्तर: दुकानदार खोटं बोलतोय असं म्हणवत नाही, पण त्याने मोजून सांगितलंय का ते आधी विचारा. मोजायला महागडं हत्यार लागत नाही, १२ इंची स्टीलची पट्टी पुरते. चेन सायकलवरच ताणात असू द्या. एका पिनेच्या बरोबर मध्यावर पट्टीचा शून्य धरा. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणजे नव्या चेनमध्ये तिथून २४वी पिन नेमकी १२ इंचांवर येते. तुमची ती पिन १२च्या किती पुढे गेली, तेवढी झीज.

अर्ध्या सुतापेक्षा (१/१६ इंच) कमी असेल तर काही करू नका. अर्धं सूत झालं की चेन बदला, कॅसेट वाचते. एक सूत (१/८ इंच) किंवा जास्त पुढे गेली असेल तर कॅसेटही गेली असं धरा. मधल्या मापात नवी चेन घालून बघायची. ती घसरली तर कॅसेट आणायची, नाहीतर तेवढे पैसे वाचले. हा हिशोब ९-१० गिअरपर्यंतचा. ११-१२ गिअरची चेन पातळ असते, तिथे अर्ध्या सुताची वाट न बघता जरा आधीच बदलावी.

'चेन ताणली' असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. पिन आणि तिच्याभोवतीचं भोक झिजतं. अर्धं सूत म्हणजे २४ सांध्यांत मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास, एकेका सांध्यात जेमतेम ०.०६ मिमी. मात्र सांधा झिजला की रोलर दात्याच्या खाचेत तळाशी न बसता वर चढून बसतो आणि दातेही त्याच मापाला झिजवत नेतो. झिजलेली चेन आणि झिजलेले दाते एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही. अशा कॅसेटवर नवी चेन घातली की ती पहिल्याच चढाला उडी मारते आणि लोक नव्या चेनला नावं ठेवतात.

तुमची जुनीच चेन घसरतेय, त्यामुळे मोजण्याआधी दोन गोष्टी तपासा. घसरणं एक-दोनच लहान चक्रांवर, फक्त जोर लावल्यावर होत असेल तर ती झीज. सगळ्याच गिअरमध्ये ठरावीक अंतराने 'टक्' होत असेल तर एखादी कडी जाम आहे. पायडल हाताने उलटं, सावकाश फिरवा आणि मागच्या डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या) छोट्या चाकांकडे बघत राहा. जाम कडी तिथून जाताना हिसका देते. तिला दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आडवं वाकवून मोकळं करायचं, तेलाचा थेंब टाकायचा. तेवढ्यावर काम झालं तर शंभर रुपयेसुद्धा खर्च नाही.

पुढची चक्रं बहुतेक वेळा दोन-तीन चेनी पुरतात. दाते वाघनखासारखे एका बाजूला वाकलेले दिसले तरच बदला. नवी चेन घेताना ९ गिअरची ९लाच घ्या. लांबी जुन्या चेनशेजारी लटकवून जुळवू नका, कड्या मोजा. एक टक्का झिजलेली ११० कड्यांची चेन जवळजवळ एक कडी लांब भरते आणि फसगत होते.

आता इतक्या लवकर झिजली का, तर कासकडच्या जांभ्याच्या लाल मातीमुळे. तिच्यात बारीक, कडक खर असते. तेलात मिसळली की पॉलिश पेपरवरच्या कुरुंदासारखी चालते. पावसातून आल्यावर चेन ओली तशीच ठेवायची नाही, आधी कापडाने पुसायची. महिन्यातून एकदा सोडवून रॉकेल किंवा डीग्रीझरच्या बाटलीत हलवायची, साबणाच्या पाण्याने धुवायची आणि पूर्ण सुकू द्यायची. आत रॉकेल राहिलं तर वर टाकलेलं तेल पातळ होऊन बाहेर येतं. मग प्रत्येक रोलरवर एकच थेंब, आतल्या बाजूने. पायडल वीसेक वेळा उलटं फिरवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. हे शेवटचं पुसणं सगळे टाळतात. तेल सांध्यात हवं, बाहेर चकाकणारं तेल फक्त धूळ गोळा करतं.

पावसाळ्यात चिकट 'वेट' तेल, दिवाळीनंतर पातळ 'ड्राय' किंवा मेणाचं. गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल नको, त्यात इंजिनाचा कीस असतो. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नाही, तो आहे ते तेलही धुऊन नेतो. आणि खोबरेल तेल डोक्याला लावा.

प्रश्न (समर्थ मंदिर परिसर, सातारा): सायकलला वायरचे डिस्क ब्रेक आहेत. यवतेश्वर उतरताना लिव्हर पार हँडलला टेकतो. वायर ताणून घेतली की चार दिवस बरा, पुन्हा तेच. शिवाय किंचाळतो. चालवू की टाळू?

उत्तर: लिव्हर हँडलला टेकत असेल तर तो घाट उतरू नका. यात चर्चा नाही.

वायरच्या बहुतेक स्वस्त डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, बाहेरचा. तो डिस्कला आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजले की दोन्हीकडचं अंतर वाढतं, पण आपण फक्त वायर ताणतो. त्याने कॅलिपरची (पॅड धरून दाबणाऱ्या भागाची) दांडी आधीच अर्धी फिरलेल्या अवस्थेत राहते. दांडीची चाल ठरलेली असते. ती सुरुवातीलाच संपवली तर खरा ब्रेक लागायच्या वेळी फिरायला जागाच उरत नाही. म्हणूनच तुमचा ब्रेक चार दिवसच टिकतो.

आधी चाक काढून पॅड बघा. मागच्या लोखंडी पत्र्यावरचा मसाला १ मिमीच्या खाली गेला असेल तर नवे पॅड आणा. ०.५ मिमी ही शेवटची हद्द. तिथे पोचेपर्यंत थांबलात तर पत्रा डिस्कला खाईल. डिस्कवर 'मिनिमम १.५' असं कोरलेलं असतं. नवी बहुधा १.८ मिमी असते. व्हर्नियर नसेल तर सुताराकडून मागा.

पॅड ठीक असतील तर क्रम असा. चाक फ्रेमच्या खाचेत पूर्ण बसलंय ना ते बघून घट्ट करा. लिव्हरजवळचा आट्यांचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून एक फेरा बाहेर घ्या. वायरचा बोल्ट ढिला करून दांडी पूर्ण मागे येऊ द्या. आता स्थिर पॅडचा स्क्रू (काहींना चाकाच्या आऱ्यांच्या बाजूला ॲलन की लागते, काहींना हाताने फिरणारी गोल टोपी असते) आत फिरवा, डिस्क आणि पॅड यांच्यात एका व्हिजिटिंग कार्डाएवढी फट राहीपर्यंत. मग वायर हाताने सरळ होईल इतकीच ओढून बोल्ट आवळा. दांडी जागेवरून हलली तर जास्त ओढलीत. शेवटची बारीक जुळवाजुळव ॲडजस्टरने. लिव्हर हँडलपासून निम्म्या अंतरावर कडक लागला की झालं.

किंचाळण्याचं कारण बहुतेकदा तेल. चेनवर स्प्रे मारताना त्याचे तुषार डिस्कवर बसतात, किंवा कोणीतरी कुतूहलाने डिस्कला बोट लावतं. डिस्क स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पॅडच्या मसाल्यात तेल मुरलं असेल तर पॉलिश पेपरने घासून बघा. तरी ओरडला तर टाका. गॅसवर भाजायचा उपाय काहीजण करतात, तो घरात करू नका.

नवे पॅड बसवले की लगेच घाट नको. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी २०च्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत आणा, चाक अडकू न देता. असं प्रत्येक ब्रेकला वीस वेळा. त्याने मसाल्याचा एकसारखा थर डिस्कवर बसतो आणि पकड येते. रेझिन पॅड शांत असतात पण चिखलात भराभर संपतात. मेटल पॅड टिकतात, जरा आवाज करतात. पावसाळी घाटासाठी मेटल बरे, पण आधी डिस्क वाचा. तिच्यावर 'रेझिन पॅड ओन्ली' लिहिलेलं असेल तर मेटल पॅड तिला लवकर संपवतात.

उतरताना दोन्ही ब्रेक सतत दाबून ठेवण्यापेक्षा वळणाआधी जोरात दाबा आणि सोडा. सुटलेल्या वेळात डिस्क गार होते. खाली आल्यावर तिला हात लावून बघायची इच्छा मात्र आवरा.

प्रश्न (कोरेगाव): वडिलांची दांड्याची जुनी सायकल चालू करतोय. टायर '२८' लिहिलेला होता म्हणून ऑनलाइन २८ इंची टायर मागवला, तो रिंगवर चढतच नाही. रिंग वाकडी आहे का?

उत्तर: रिंग सरळ आहे, आकडा वाकडा आहे. टायरवरचं इंचाचं माप हे टायरच्या बाहेरच्या व्यासाचं जुनं नाव. रिंगशी त्याचा नेमका संबंध नाही. खरं माप मिलिमीटरमधलं, टायरच्या कडेला दोन आकड्यांत असतं, उदाहरणार्थ ४०-६३५. पहिला आकडा जाडी, दुसरा रिंगवर टायर बसतो तिथला व्यास.

आपली दांड्याची सायकल २८ × १½ म्हणजे ६३५ची. ऑनलाइन २८ किंवा ७००सी म्हणून मिळणारे टायर ६२२चे असतात, १३ मिमी लहान. हत्यार घालून चढवायचा प्रयत्न केलात तर टायरच्या आतली तार तुटेल. ६३५चा टायर तुम्हाला बाजारपेठेतल्या जुन्या सायकल दुकानात सहज मिळेल. गंमत म्हणजे डोंगरी सायकलीचा २९ इंची टायरही ६२२चाच असतो. २६ इंचांतही हीच मजा आहे, २६ × १⅜ हा ५९०चा आणि २६ × १.९५ हा ५५९चा. अपूर्णांक आणि दशांश एकच समजून टायर घेऊ नका.

ट्यूब घेताना जुन्या पद्धतीचा वॉल असेल तर दोन-चार वॉलट्यूब जास्त आणा. ती रबराची बारीक नळी उन्हाने फाटली की हवा रात्रीत उतरते आणि आपण पंक्चर शोधत बसतो.

प्रश्न (सदरबझार, सातारा): आमचा बायकांचा गट सकाळी लिंबपर्यंत जाऊन येतो, ३०-३२ किलोमीटर. तासाभरानंतर बसायचं दुखतं. जेलचं कव्हर घातलं, उलट जास्त दुखतंय. पॅडची चड्डी घ्यावी का? ती नुसती घालून रस्त्यावरून जायला संकोच वाटतो.

उत्तर: कव्हर काढून टाका. आपलं वजन दोन बैठकीच्या हाडांवर पडायला हवं. जाड जेलमध्ये हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग वर उचललेल्या जेलवर येऊन दबतो. मऊ सोफ्यावर तासभर बसून उठणं आणि पाटावर बसून उठणं यातला फरक आठवा.

पॅडची चड्डी घ्या आणि तिच्यावर सैल ट्रॅकपँट किंवा स्कर्ट असलेली शॉर्ट घाला, बाहेरून काही कळत नाही. आत मात्र दुसरं अंतर्वस्त्र घालायचं नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही. पॅड अंगाला थेट लागण्यासाठीच बिनशिवणीचा केलेला असतो. मध्ये कपडा आला की त्याच्या शिवणीच घासतात आणि घाम साचतो. स्त्रियांसाठीचा पॅड मागा, तो मागे रुंद असतो. चड्डी उभं असताना थोडी आखूड-घट्ट वाटली पाहिजे. सैल असेल तर पॅड सरकतो आणि सोलवटतं. पहिल्या काही वेळा मांडीच्या सांध्यात व्हॅसलीन किंवा घर्षण कमी करणारं क्रीम लावा.

परत आल्यावर लगेच उतरवा आणि धुवा. दुसऱ्या दिवशी तीच घातली तर फोड ठरलेला. कोमट किंवा साध्या पाण्यात, पॅड बाहेर उलटून. फॅब्रिक कंडिशनर नको, त्याने कापडाची घाम ओढायची ताकद जाते. पिळू नका, सावलीत वाळवा. दोन चड्ड्या असल्या की आठवडा निघतो.

तरीही दुखलं तर सीटची रुंदी बघा. पायरीवर खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर बसा, पुढे थोडं वाका, उठा. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर अधिक २ सेंटीमीटर ही साधारण तुमच्या सीटची रुंदी. सीट सपाट ठेवा. सीटचं नाक (पुढचं टोक) वर असेल तर पुढे दुखतं. उंचीसाठी टाच पायडलवर ठेवून खाली न्या, गुडघा जेमतेम सरळ व्हावा. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढे दुखतं, वर असेल तर मागे.

आणि ओढणी. ती गाठ मारून पाठीला बांधण्यापेक्षा घरीच ठेवलेली बरी, चेनच्या बाजूला फार जवळ येते.

प्रश्न (गोडोली): डावं पायडल निघत नाही. पान्यावर उभा राहिलो, तरी नाही.

उत्तर: तुम्ही ते आणखी आवळलंत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. लक्षात ठेवायला सोपं: १५ नंबरचा पाना पायडलच्या आसावर उभा, वर तोंड करून लावा आणि मागच्या चाकाकडे दाबा. दोन्ही बाजूंची पायडलं याच दिशेने सुटतात. आधी गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा (इथे तो स्प्रे योग्य). बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले चार फेरे बोटांनीच घ्या. क्रँक (पायडल बसतं तो दांडा) ॲल्युमिनियमचा, आस पोलादाचा. वाकडा चढला तर आटे क्रँकचेच जातात.

प्रश्न (पोवई नाका): मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर सायकल प्रेशरने धुऊन घेतो. मागचं चाक हल्ली 'खर्र' करतं. संबंध असेल का?

उत्तर: आहे. हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) तोंडाशी असलेलं रबर किंवा पत्रा उडणारं पाणी अडवण्यापुरता असतो, जोराची धार नाही. पाणी आत गेलं की ग्रीस दुधासारखं पांढरं होतं आणि छऱ्यांना गंज धरतो.

चाक काढून आस बोटांनी फिरवा. खडबडीत लागलं तर हब उघडायला हवा. एका बाजूचा लॉकनट आणि कोन (छऱ्यांवर टेकणारा निमुळता नट) पातळ पान्याने सोडवा, खाली फडकं पसरून ठेवा, छरे पळतात. मागच्या हबमध्ये सर्वसाधारणपणे पाव इंची ९ छरे एका बाजूला, पुढच्यात ३/१६ इंची १० एका बाजूला. तरी काढताना मोजून ठेवा. एक खराब दिसला तरी सगळे बदला. छरे स्वस्त, कोन महाग. कोनाच्या वाटेवर खड्डा पडलेला असेल तर तोही जाईल. वाटी पुसून नवं ग्रीस भरा, छरे त्यात रोवून बसवा. कोन असा आवळा की आस मोकळा फिरेल पण डुलणार नाही. क्विक रिलीज (लिव्हरने आवळायचं चाक) असेल तर किंचित डुल ठेवा, ती लिव्हर आवळल्यावर जाते.

सील्ड बेअरिंगचा हब असेल तर यातलं काही करू नका. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर लिहून घ्या आणि बेअरिंगच्या दुकानात तोच मागा. यापुढे बादली, साबण, दात घासायचा जुना ब्रश आणि पाण्याचा मग, एवढंच. धार लावायचीच असेल तर हब, हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) आणि पायडलांच्या मधल्या आसापासून लांब.

प्रश्न (वाई): पसरणी घाटात पंक्चर काढलं, दोन किलोमीटरवर पुन्हा झालं. ट्यूब खराब का?

उत्तर: काटा टायरमध्येच राहिला असणार. बाभळीच्या काट्याचं टोक रबरात मोडतं, बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून कापूस फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे काटा. पक्कड किंवा टाचणीने बाहेरच्या बाजूला ढकलून काढा. ठिगळ लावताना सोल्यूशन ठिगळापेक्षा मोठ्या जागेवर पसरा आणि चकाकी जाईपर्यंत, चार-पाच मिनिटं, थांबा. ओल्यावर लावलेलं ठिगळ कडेने सुटतं. घाटात एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप आणि चेन तोडायचं हत्यार असलेला मल्टीटूल जवळ ठेवा. ठिगळ घरी येऊन शांतपणे लावा.